इर्याच्या पाइनवरचा तांबेरा

इर्याचा नवरा वाइनो रोपवाटिकेत कामाला होता. तिथून त्याने आणलेलं पांढऱ्या पाइनचं रोप पुढे वाढून घराच्या छपराच्याही वर गेलं. वाइनो वारला, त्यानंतरच्या वसंतात बर्फ वितळलं आणि खोडावर पिवळे फोड दिसले. राळ पार बुंध्यापर्यंत ओघळली होती.

वनखात्याचा माणूस पाहून गेला. तांबेरा आहे, म्हणाला. ही बुरशी काळ्या करंटच्या, म्हणजे त्या आंबटगोड फळांच्या झुडपाच्या, पानांवर वाढते आणि तिथून पाइनवर येते. बोलता बोलता त्याने कुंपणापलीकडे पाहिलं. तिकडे मायरेची करंटची झुडपं होती. मायरे म्हणजे वाइनोची थोरली बहीण. तिच्या करंटचा रस अख्ख्या वाडीत जायचा.

इर्या काही बोलली नाही. वाइनोच्या आजारात वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या, मग मातीचं सगळं. भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

मायरेला ते दुकानात कळलं. ती कॉफीला यायची बंद झाली. मग एका दुपारी इर्याला कुदळीचा आवाज आला. फळांनी लगडलेली झुडपं उपटून पडली होती आणि म्हातारी गुडघ्यांवर बसून शेवटच्या झुडपाची मुळं तोडत होती.

"ताई, मी कधी म्हटलं, काढा म्हणून?"

"तू म्हणत नाहीस, त्याचाच तर ताप आहे. बोलली असतीस तर भांडून मोकळ्या झालो असतो."

मग इर्याने वनखात्याच्या माणसाचं उरलेलं बोलणं सांगितलं. रोग खोडाला वेढून बसला होता. झुडपं गेली तरी पाइन वाचणार नव्हता.

मायरेने कुदळ खाली ठेवली. "आणि हे आत्ता सांगतेस?"

"झाड मरणार, हे तोंडाने म्हणवत नव्हतं."

"वाइनोच्या वेळीही तू हेच केलंस. शेवटच्या आठवड्यात कळलं मला. माझा भाऊ होता तो."

इर्या म्हणाली, "हो. चुकलंच माझं."

मायरेने मान हलवली. रागवायचंही तिच्यात त्राण नव्हतं. इर्या खाली बसली आणि हातांनीच खड्ड्यांत माती लोटू लागली.

शरद ऋतूत दोन माणसं करवत घेऊन आली. इर्याला ते बघवेना, म्हणून ती मायरेकडे गेली. कॉफी उकळेपर्यंत तिला कोचावर झोप लागली. झाड पडल्याचा आवाज झाला तरी ती हलली नाही. मायरेने तिच्या पायांवर घोंगडी घातली, दार लावून घेतलं आणि एकटीच कॉफी प्यायली.