ऑर्विनचा चावीचा कॅमेरा

अमेरिकेतल्या डलूथ शहरात, लूथरन चर्चच्या तळघरात जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरला होता. आर्लिस टोलफसनने नवऱ्याचा चावीचा सिनेकॅमेरा टेबलावर ठेवला आणि शेजारी रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा. विकायला आली म्हणून काय झालं, रिकाम्या हाताने कुणापुढे जायची तिला सवयच नव्हती.

टेबलापलीकडचा ड्वाइट केसेल हाडाचा संग्राहक. चामड्याची पेटी, तिन्ही भिंगं, सगळं शाबूत बघून त्याचे डोळे लकाकले. तोंडाने मात्र म्हणाला, "वाईट नाही." इकडचा माणूस एवढं बोलला की समजावं, गडी पुरता घायाळ झालाय!

"काय देशील?"

"आतून गंज नसला तर चारशे डॉलर." झाकण उघडायला त्याने हात घातला आणि थबकला. "आर्लिसबाई, किती फिल्म फिरली ते दाखवणारा हा काटा बघा. आत रीळ आहे, वापरलेलं. उघडलं तर उजेडाने जळून जाईल. बाजारात असल्या रिळाला कुणी कवडी देत नाही, पण तुमचं तुम्ही ठरवा."

आर्लिसने झटकन झाकणावर हात ठेवला. ऑर्विन जाऊन चार वर्षं झाली होती. घरात रिळांचा ढीग, पण कॅमेरा कायम त्याच्याच हातात, म्हणून जिकडेतिकडे हीच. केक कापतेय, बर्फ उपसतेय. हलता-चालता ऑर्विन कुठेच नाही. फक्त एकदा सरोवरावर तिने कॅमेरा हिसकावून त्याला टिपलं होतं. ते रीळ कधी सापडलंच नाही. पसारा घालणार हा, शोधणार ही!

"उघडशील तर खबरदार," ती म्हणाली. "त्यात माझा नवरा असेल."

ड्वाइटने कॅमेरा घरी नेला. तळघरात काळोख करून रीळ स्वतः धुतलं. पुढच्या रविवारी प्रोजेक्टर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला, तो तोंड पाडूनच.

"कॅमेरा आतून लखलखीत आहे, बाई. हे तुमचे चारशे. पण रीळ वाया गेलंय. वापरलेलं रीळ कोरं समजून तुमच्यापैकी कुणीतरी पुन्हा चढवलं. एकावर एक दोन चित्रं आलीत."

"लाव तू."

भिंतीवर तरुण आर्लिस उमटली. धक्क्यावर बसून, कॅमेऱ्याकडे बघत 'नको ना' म्हणून हात झाडणारी. आणि तिच्या अंगावरूनच ऑर्विन आला. धुरकट, पण ऑर्विनच! हातात मासा उंच धरलेला आणि वेड्यासारखा हसतोय. माशाची शेपटी थेट तिच्या कानात. तिने हात झाडला, तो आणखीच हसला.

"माफ करा," ड्वाइट पुटपुटला. "दोन्ही बिघडली."

"गप रे शहाण्या!" आर्लिस हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "लग्नाच्या फोटोनंतर आज पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र दिसतोय. पुन्हा लाव."