अर्धी मिशी

पैज लागली ती मिशीवर, आणि तीही अर्ध्या. पूर्ण मिशी काढलेला माणूस चार दिवसांत कुणाच्या लक्षातही राहत नाही, अर्ध्या मिशीचा जन्मभर राहतो, असं प्रेमराजचं म्हणणं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीत असल्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा. गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान हा त्याचा धंदा, पण काम म्हणाल तर लोकांना उल्लू बनवणं. एका तेराव्याच्या जेवणात त्यानं अख्ख्या मांडवाच्या चपला अशा फिरवल्या की निम्मी गल्ली एका पायात आपली आणि एका पायात शेजाऱ्याची घालून घरी गेली. शिव्या सगळ्यांनी घातल्या. पुढच्या पंगतीला मात्र जो तो त्याच्याच शेजारी बसायला धडपडत होता.

त्या संध्याकाळी चौकात, सुकदेवच्या सलूनसमोर, निंबाच्या पारावर, नेहमीची मंडळी बसली होती. तोतारामनाना काठी टेकत आले. एका कापूस-जिनिंगवाल्या शेठची गाडी चालवण्यात नानांचा जन्म गेलेला. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पांढरी कॉन्टेसा नानांना देऊन टाकली, ‘तुझ्याशिवाय ही कुणाचं ऐकत नाही’ म्हणून. मागच्या वर्षी नानांना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र अजून खिशात ठेवल्यासारखा लोंबायचा. आणि गाडी अंगणात उभी राहून राहून तिचंही स्टिअरिंग दगडासारखं झालं होतं. नानांनी एकदा ती काढायला बघितली, तर पॉवर स्टिअरिंगचा पंप कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटला, चाक इंचभर हललं नाही, आणि पोरगा हितेंद्र म्हणाला, बाबा, बास आता. त्यानं नाशिकचं एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

"नाना, केव्हा निघाली गाडी नाशिकला?" प्रेमराजनं काडी टाकली.

"कोनी सांगं तुले? गाडी कोठेच जात नही. पंप गयेल शे तिना, इतलंच."

"पंप नाही गेला नाना. तुमचा हात गेला."

सुकदेवचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. नानांची मिशी म्हणजे गल्लीतली एक वस्तू होती, पांढरी, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. उजवं टोक जरा थरथरलं.

"लाव पैज," नाना म्हणाले.

मग काय, प्रेमराजला तेवढंच हवं होतं. पंप दुरुस्त करायचा. नानांनी गाडी घरून काढायची, चौकात आणायची, पाराला वळसा घालून परत घरी न्यायची. जमलं तर प्रेमराजची अर्धी मिशी, नाही जमलं तर नानांची. इथंच, सुकदेवच्या खुर्चीत, गल्लीसमोर. आणि जिंकणाऱ्यानं हरणाऱ्यापुढं आरसा धरायचा.

तेवढ्यात हितेंद्र स्कूटर लावून येत होता. प्रेमराजनं त्याला भर चौकात पकडला. "हितू, नाना जिंकले तर गाडी विकायची नाही. बोल सगळ्यांदेखत."

हितेंद्रनं बापाकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. "आणि हरले तर?"

"हारनू ते चावी तुनी," नानाच म्हणाले. "मंग माले पिंपळनेरले बी एस्टीमा बसाडी दे, गाठोडं बसाडतस तसं."

पिंपळनेर म्हणजे नानांचं गाव. तिथं शेवटचं जायचं ते स्वतः गाडी चालवत, असं ते लकवा मारल्यापासून घोकत होते.

आता यातली मेख अशी, की प्रेमराजला हरायचं होतं.

जन्मभर त्यानं लोकांना फसवलं, पण नाना हा एकच माणूस त्याच्या जाळ्यात कधी सापडला नव्हता. चपलांच्या वेळीसुद्धा नाना शांतपणे मांडवातून उठले, आणि काखेतल्या पिशवीतून स्वतःच्या चपला काढून पायात घालून गेले. तोच माणूस आता दिवसभर अंगणात खुर्ची टाकून गाडीकडं बघत बसायचा. प्रेमराजला ते बघवत नव्हतं. तेल गळून पंप कोरडा पडलाय, हे आवाजावरून त्याला केव्हाच कळलं होतं. नुसतं ‘दुरुस्त करू’ म्हटलं असतं तर हितेंद्रनं उडवून लावलं असतं. पैजेला कोण नाही म्हणणार? नाना जिंकतील, गाडी राहील, आपली अर्धी मिशी जाईल. मिशीचं काय, गवतासारखी उगवते.

पंप काढला आणि जळगावभर फिरवला. कुणी हात लावेना. नवा मिळायचा तर गाडीच बंद होऊन जमाना झालेला. शेवटी एकानं धुळ्याच्या धनाचं नाव सांगितलं. महामार्गाच्या कडेला ट्रॅक्टरचे आणि खोदाईच्या मशीनचे पंप खोलून दुरुस्त करून देतो म्हणे.

प्रेमराज पंप पिशवीत घालून एस्टीत बसला. पारोळ्याच्या पुढं पिशवीतून लाल तेल ठिबकायला लागलं. शेजारची बाई पाय वर घेऊन बसली. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?"

"मेव्हण्याचं काळीज," प्रेमराज म्हणाला. "धुळ्याला बदलायला चाललो."

बाई उठून पुढं जाऊन उभी राहिली, प्रेमराज धुळ्यापर्यंत पाय पसरून बसला.

धना तोंडाचा फटकळ निघाला. पंप खोलून त्यानं आतल्या पात्या टेबलावर ओतल्या. "पाव्हणं, हा पंप आहे का वाळलेली शेंग? कोरडा पळवलाय. घासून घासून सगळं झिजून गेलंय."

"होईल का ते सांग."

"होईल. पात्या दुसऱ्या पंपाच्या बसवीन, बॉडीला लेथवर खराद मारीन. पण नव्यासारखं म्हणू नका."

"नव्यासारखं नको. नव्यापेक्षा हलकं पाहिजे." प्रेमराजनं आवाज खाली आणला. "एका हातानं फिरलं पाहिजे. काही करता येतं का?"

धनानं त्याच्याकडं वर-खाली बघितलं. "आतल्या स्प्रिंगमागं एक वॉशर टाकलं की प्रेशर वाढतं. फुंकर मारली तरी वळेल. पण म्हाताऱ्या गाडीला असं बरं नाही. हाताला रस्ता कळत नाही मग."

"हाताचं मी बघतो. तू वॉशर टाक."

धनानं टाकलं. परत येताना प्रेमराजनं पंप मांडीवर घेतला, लहान पोरासारखा. अख्ख्या जन्मात इतकी फर्मास चेष्टा त्यानं केली नव्हती. स्वतःविरुद्धच पैज लावायची, आणि वर समोरच्याला चोरून जिंकवायचं.

पंप प्रेमराजनंच बसवला. नाना खुर्चीत बसून काठीनं दाखवत होते, हा नट नको, तो आधी. नानांच्या पत्नी शेवंताबाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, त्यांना काही उचलू देऊ नका."

"अक्का, ते फक्त माझी अक्कल उचलतायत."

तेल भरलं. आतली हवा काढायला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागतं. नाना गाडीत बसले. उजव्या हातानं चाक धरलं आणि फिरवलं. गाडीची पुढची चाकं मुकाट्यानं वळली. नाना पुन्हा फिरवत राहिले, डावीकडं, उजवीकडं, हवा कधीच निघून गेली तरी. केकाटणं नाही, काही नाही. लकव्यापासून त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसायची नाही. उजवी मात्र त्या दिवशी पुरेशी हसली.

"लोणी शे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "शेठना टाइमले इतली हलकी नव्हती, प्रेमराज."

"नवं काम आहे नाना. बसेल हळूहळू."

नानांनी त्याच्याकडं बघितलं. मग चाक आणखी एकदा, हलकेच, फिरवलं.

रविवारी सकाळी गल्ली चौकात लोटली. कुणी गच्चीवर, कुणी ओट्यावर. सुकदेवनं खुर्ची बाहेर काढून ठेवली होती, आणि प्रेमराजकडं बघून वस्तरा पट्ट्यावर घासत होता. प्रेमराज साक्षीदार म्हणून नानांच्या शेजारी बसला. त्यानं सकाळी मिशीला तेलसुद्धा लावलं होतं, जाताना चांगली जावी म्हणून.

गाडी उभी असतानाच नानांनी उजवा हात आडवा आणून पहिला गिअर टाकला. डावा हात उचलून चाकावर ठेवला, जसा एखादा रुमाल वाळत घालावा. प्रेमराजनं ते बघितलं आणि त्याला आत्ता कुठं उमगलं. स्टिअरिंग, स्टिअरिंग करत सगळे बसले होते. गिअर डाव्या हातानं टाकायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी अंगणाबाहेरच निघत नव्हती, तर गिअरपर्यंत जाणार कोण?

गाडी फाटकातून निघाली. नानांनी ती एका हातानं इतकी अलगद वळवली की ओट्यावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच गिअरमध्ये गाडी पुढं चालली. इंजिन ओरडायला लागलं. रस्ता मोकळा, चौकात जाणारा उतार सुरू झालेला. दुसरा टाकायला पाहिजे होता.

नानांचा डावा हात चाकावरून घसरून गिअरवर आला. दांड्याच्या गोळ्यावर पडला. बोटं काही मिटली नाहीत.

"नाना, मी टाकतो," प्रेमराज हळूच म्हणाला. त्याचा हात तिथंच होता, बाहेरून कुणाला दिसलंही नसतं.

"हात काढ."

"कुणाला कळत नाही नाना."

"माले कळस. काढ."

प्रेमराजनं हात काढला. नानांनी डावा हात पुन्हा उचलून चाकावर घातला, आणि उजवा सोडून गिअरकडं आणला. क्षणभराचंच काम. एरवीच्या गाडीत चाक तेवढा वेळ सरळ राहिलं असतं. पण हे चाक फुंकर मारली तरी वळणारं. त्या निर्जीव हाताचं जे काही वजन होतं, तेवढं त्याला पुरलं. कॉन्टेसा लोण्यासारखी डावीकडं वळली, लोक बाजूला झाले, आणि तिनं निंबाच्या पारावर नाक ठेवलं. एक दिवा फुटला. कुणाला काही लागलं नाही. इंजिन बंद पडलं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही.

प्रेमराज घाईघाईनं बोलायला लागला. "नाना, ऐका. तुमची चूक नाही. धुळ्याला मी मुद्दाम वॉशर टाकायला लावलं. जास्त हलकं केलं मीच. त्याच्यामुळं ओढली गाडी. वॉशर काढू, पुन्हा करू, ही पैज धरायचीच नाही."

बाहेर उभ्या मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. "सुरू झाला प्रेमराज," मागून कुणीतरी म्हणालं. "आता ही एक नवी थाप." हितेंद्र पुढं आला. "काका, पुरे ना. निदान आज तरी नको."

"अरे, खरं बोलतोय मी. धनाला फोन लावा."

"लावानं काम नही," नाना म्हणाले. ते अजून चाक धरून समोर बघत होते. "वॉशरनं माले पहिल्याच दिशी समजनं व्हतं. आन् तू हाराकरता पैज लायी, ते त्यानाबी पहिले."

प्रेमराजचं तोंड उघडं राहिलं.

"मग कशाला बसलात नाना गाडीत?"

"माले बी जिकानं व्हतं ना. चोरीनं जिकानं तरी चाली, असं वाटनं." त्यांनी उजव्या हातानं दार उघडलं. "पन गिअर पडना नही, प्रेमराज. गिअरले काय पंप लागस?"

प्रेमराज पलीकडून उतरला आणि नानांची काठी घेऊन त्यांच्या दाराशी आला.

नाना उतरले. चावी काढून त्यांनी हितेंद्रच्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि खिशावर एकदा हात ठेवला. हितेंद्र म्हणाला, "बाबा, मिशी राहू द्या. चेष्टेतली गोष्ट होती."

"चेष्टानी व्हती म्हनीसन ते द्यानी. खरानी आसती ते दिली बी नसती." ते चालत सुकदेवच्या खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. "चाल सुकदेव, लाव साबन."

सुकदेवनं प्रेमराजकडं बघितलं, मग नानांच्या तोंडाकडं. ब्रश हातात धरून तो नुसता उभा राहिला.

"नाना, कोणती बाजू?"

"डावी काढ," नाना म्हणाले. "तिकडनं हात-तोंड बठ्ठं गयेलच शे."

शेवंताबाई ओट्यावरून आत निघून गेल्या. सुकदेवनं फेस लावला. प्रेमराज बाजूला सरकायला बघत होता, पण नानांनी काठीनं टेबलाकडं दाखवलं. तिथं आरसा होता. करार म्हणजे करार. प्रेमराजनं आरसा उचलला आणि नानांसमोर धरला. वस्तरा फिरला. पांढरे केस साबणासकट नानांच्या मांडीवर पडले. गल्ली उभी राहून बघत होती, जशी ती कुणाच्या दारात तिरडी बांधताना बघते.

नानांनी आरशात बघितलं. उजव्या हातानं उरलेल्या टोकाला पीळ दिला. मग पुन्हा बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"आरसा नीट धर, प्रेमराज," ते म्हणाले. "काही दिखत नही. हात हाली रायना तुना."