श्वासाची जागा

"थांब. इथे श्वास का घेतलास?"

गायकांनी हात वर केला आणि गाणारी मुलगी, भिंगरी, ओळीच्या मधोमध थांबली. शाळकरी मुलांच्या गायन कार्यशाळेला सभागृहातल्या खुर्च्या अर्ध्याच भरल्या होत्या. मागून दुसऱ्या रांगेत बसलेल्या गाण्याच्या बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"परत घे. पूर्ण ओळ, एका दमात."

"दूर दिव्यांच्या पल्याड माझे..." भिंगरीने सुरुवात केली. सूर स्वच्छ लागला होता. पण 'माझे'पाशी आल्यावर तिचे खांदे किंचित वर गेले, एक छोटासा श्वास झाला आणि मग पुढचे शब्द आले, "...घर अजूनी जागे."

"पुन्हा तेच." गायक रागावले नव्हते. नावाजलेला माणूस, पण आवाज चढवण्याची सवय नसावी. "अगं, दम भरपूर आहे तुझ्यात. मग 'माझे' आणि 'घर' यांच्यामध्ये भिंत कशाला घालतेस?"

"सर, गाण्यातच आहे तिथे श्वास," भिंगरी म्हणाली. "घर आठवायला थांबायचं असतं."

लोक हसले. गायकही हसले. मग त्यांनी त्याच शाळेच्या आणखी दोन मुलांना पुढे बोलावलं आणि तीच ओळ म्हणायला लावली. दोघांनीही 'माझे'पाशी खांदे उचलले.

"एकाच घरातली दिसता सगळी. शिकवतं कोण तुम्हाला?"

तिघांनी एकदम मागे वळून पाहिलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही म्हणून दाखवता का जरा?"

"आज घसा बसलाय माझा," बाई म्हणाल्या आणि त्याही खाली बसल्या.

घसा ठणठणीत होता. कमी पडत होती ती फुप्फुसं. मुलगा झाला त्याच वर्षी बाईंना छातीचा मोठा आजार झाला होता. त्यातून त्या उठल्या, पण एका बाजूचं फुप्फुस कायमचं अधू झालं. त्याआधी लोक त्यांचं गाणं ऐकायला उभे राहत. त्यानंतर लांब ओळ आली की त्यांचा दम मध्येच संपायचा. मग त्यांनी गाण्याचे कार्यक्रम सोडले आणि शाळेत नोकरी धरली. सुरुवातीला त्या वर्गाला बजावायच्या, "मी थांबते तिथे तुम्ही थांबायचं नाही हं." पुढे वर्ग मोठे झाले, कीबोर्डच्या दोन पट्ट्या कायमच्या मुक्या झाल्या, मुलांची वर्षं येत गेली, जात गेली आणि बजावणं कधी बंद झालं ते त्यांनाही कळलं नाही. आज तीन मुलांचे तीन खांदे वर जाताना पाहिले, तेव्हा कुणीतरी भर चौकात आपली क्ष-किरण तपासणीची फिल्म धरून दाखवावी तसं त्यांना झालं.

कार्यक्रम संपल्यावर गायकांनी त्यांना बाजूला बोलावलं.

"ही मुलगी मला द्या," ते म्हणाले. "वर्षभर माझ्याकडे राहील, शिकेल. माझ्या घरी आणखी चार मुली आहेत. पण ती खोड आधी गेली पाहिजे. तिच्या अंगात भिनलीय ती. उन्हाळ्याची सुट्टी संपली की ऐकतो मी तिला पुन्हा."

"आणि नाही गेली तर?"

"तर दुसरं कुणीतरी येईल. रांग आहे, बाई." मग त्यांना स्वतःलाच ते कठोर वाटलं असावं. ते हसून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. मी गाण्याआधी खाकरतो ना, तसे माझे सगळे शिष्य खाकरतात. काही जण तर माझ्यापेक्षा छान खाकरतात!"

बाईंना हसू आलं नाही.

घरी नवरा मागच्या खोलीत कामाला बसला होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. टेबलावर कुणाचा तरी वरचा जबडा प्लास्टरमध्ये सुकत पडला होता.

"काय म्हणाला तुझा मोठा माणूस?"

बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता कानशीने एक दाढ घासत राहिला.

"पोरीला सांगून टाक ना," शेवटी तो म्हणाला.

"काय सांगू? की माझी फुप्फुसं फाटकी, म्हणून तुझ्या गाण्याला ठिगळ?"

"आता ठसा घेतला की हिरडीवरचा फोडही उतरतोच त्यात. त्यात ठशाचा काय दोष?"

"अहो, तुमचं सगळं शेवटी दातांवरच येतं."

"मग काय गुडघ्यांवर येणार?" तो म्हणाला. मग कानस खाली ठेवून, हात न पुसताच त्याने तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. "बस. दमलीस."

ती बसली. दमणं काही आजचं नव्हतं, पण कुणी म्हणालं की ते जास्त जाणवायचं.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी शाळा सुटल्यावर बाईंच्या घरी येऊ लागली. तिची आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. मुलगी लहानपणापासून एका जागी बसत नसे, म्हणून आईनेच तिला भिंगरी हे नाव ठेवलेलं. गाताना मात्र ती खिळा ठोकल्यासारखी उभी राहायची.

पहिल्या दिवशी बाई तिच्याबरोबर गायल्या आणि भिंगरीने 'माझे'पाशी श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी बाई गायल्या नाहीत, नुसता कीबोर्डवर सूर धरला. तरी श्वास तिथेच. मग बाईंच्या लक्षात आलं की पोरगी त्यांच्या छातीकडे पाहते आहे. त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. स्वतः स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. दाराआडून ऐकलं, तर तिथेही तो छोटासा श्वास, ठरल्या वेळी येणाऱ्या पाहुण्यासारखा.

"जाऊ दे, पुन्हा," बाई आतून म्हणाल्या.

"पुन्हा."

"अगं, पुन्हा!"

भिंगरीने दार ढकललं. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुम्हीच असं शिकवलंत. इतकी वर्षं 'छान, छान' म्हणालात. आणि आता तुम्हीच म्हणता चूक आहे! मग तेव्हा काय होतं ते?"

बाईंनी हातातला ओला फडका ओट्यावर ठेवला.

"तेव्हा मला धाप लागायची," त्या म्हणाल्या. "मी आजारी होते गं. तुझ्या जन्माच्याही आधीपासून. मला ती ओळ एका दमात कधी जमलीच नाही. तुम्ही पोरांनी माझी धापसुद्धा पाठ केलीत."

भिंगरीने डोळे पुसले.

"म्हणजे घर आठवायला थांबत नाही आपण?"

"ते तूच मनाने लावलंस. मी कधी म्हणाले होते?"

"मग 'नाही' असं तरी का म्हणाला नाहीत?"

बाईंनी ओट्यावरचा फडका पुन्हा उचलला. भिंगरीने दप्तर उचललं आणि ती गेली.

त्यानंतर ती आली नाही. शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी तिची आई आली. इस्त्रीच्या वाफेने तिचा चेहरा कायम तापल्यासारखा दिसायचा. ती दारातच उभी राहिली.

"बाई, भांडलात का हो तुम्ही? पोरगी घरात तोंड फुगवून बसलीय. गात नाही, जेवत नाही धड. काल मी नुसतं गुणगुणले, तर म्हणते, आई, तू श्वास कुठे घेतेस ते पाहू. वेड लागेल तिला."

"भांडलो नाही. मी शिकवलेलं मलाच तिच्यातून काढता येत नाहीये."

"असं कसं? ज्याने गाठ मारली त्यालाच सोडवता येते."

"नेहमी नाही येत," बाई म्हणाल्या. "कधी दुसरं नख लागतं."

आई गेल्यावर त्या बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. मग चप्पल घालून बाहेर पडल्या.

बाजारपेठेच्या टोकाला, बुटांच्या दुकानाच्या वर, एक गाण्याचा क्लास होता. बाहेर भला मोठा बोर्ड. त्यावर स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या मुलांचे फोटो, मधोमध क्लासवाल्याचा स्वतःचा, सगळ्यांत मोठा. हा माणूस आणि बाई बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेला परीक्षक म्हणून शेजारी बसले होते. तिथे बाई त्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तुम्ही गाणं शिकवत नाही, कवायत शिकवता." तेव्हापासून दोघं एकमेकांना पाहून रस्ता बदलायचे. पण कवायत असली तरी त्याच्या पोरांचा दम बैलासारखा होता, हे बाईंनाही नाकारता येत नव्हतं.

"या, या!" बाईंना दारात पाहून तो खुर्चीतून अर्धवट उठला. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"एका मुलीला श्वास शिकवायचा आहे," बाई म्हणाल्या. "सुट्टी संपेपर्यंत."

"तुमची मुलगी? आणि माझ्याकडे? कवायत शिकायला?"

"हो. कवायतच शिकवा."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मोठ्या गायकाचं नाव ऐकल्यावर तो पुढे सरकून बसला आणि पेपरवेट या हातातून त्या हातात करू लागला.

"शिकवतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसा माझ्याकडे पोट दाबलं की दम उघडतो. पण एक आहे. ती तिकडे गेली, तर ती आमच्या क्लासची. बोर्डावर फोटो लागणार. कुणी विचारलं तर तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. बुटांच्या दुकानातला माणूस एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होता. बूट घट्ट होता, तरी दोघंही नेटाने ढकलत होते.

"लावा फोटो," त्या म्हणाल्या.

भिंगरीला तयार करणं त्याहून अवघड गेलं. "मला नको तो क्लास. मी येते ना तुमच्याकडे. मला येईल," ती म्हणत राहिली. आता ती रागावलेली नव्हती, घाबरली होती.

"नाही येणार, राजा. मी समोर असले की तू माझ्यासारखी होतेस. तिकडे कुणी माझ्यासारखं नाही."

"आणि तुमच्याकडे कधी येऊ?"

"सुट्टी संपली की बघू."

त्या दिवसांत बाई बाजारपेठेत गेल्या नाहीत. भाजी नवऱ्याने आणली, आणली तशी जून निघाली, त्यावरून रोज बोलणी खाल्ली. दोघांनाही भांडायला एक विषय मिळाला होता, ते बरं होतं.

सुट्टी संपली. शाळेत नवी मुलं आली. कीबोर्डच्या मुक्या पट्ट्या दुरुस्त झाल्या नव्हत्या, त्यामुळे बाई ते दोन सूर अजूनही गाऊनच दाखवत होत्या. एका दुपारी मधल्या सुट्टीत फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"बाई, झालं!" भिंगरी ओरडली. "घेतलं त्यांनी! म्हणाले, सामान घेऊन ये!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आई आहे ना बरोबर? रस्ता नीट पार करा."

निघायच्या आदल्या दिवशी ती भेटायला आली. नवे कपडे, केस घट्ट बांधलेले. बाईंनी तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

"म्हणून दाखवू?"

"दाखव ना."

भिंगरी भिंतीकडे वळायला लागली, मग थांबली आणि बाईंच्या समोरच उभी राहून गायली. दूर दिव्यांच्या पल्याड माझे घर अजूनी जागे. सगळी ओळ एका धाग्यात निघाली, कुठे खांदा हलला नाही, कुठे काही अडखळलं नाही. मागच्या खोलीतला कानशीचा आवाज तेवढ्यापुरता थांबला होता.

बाईंना ती ओळ किंचित घाईची वाटली. घरापाशी कुणी थांबलंच नाही, असं काहीसं. पण हे खरंच गाण्यात होतं की आपल्या कानांत, हे त्यांना ठरवता येईना आणि मुलगी तोंडाकडे पाहत उभी होती.

"आता तुझी झाली ओळ," त्या म्हणाल्या.

भिंगरी पाया पडायला वाकणार, तोच त्यांनी तिला वरच धरलं. पोरीच्या बरगड्या हाताखाली फुगत होत्या, भरभरून. बाईंनी जरा जास्त वेळ हात तिथे राहू दिला.

काही आठवड्यांनी बोर्ड बदलला. आता क्लासवाल्याच्या फोटोशेजारी भिंगरीचा फोटो होता, जवळजवळ त्याच्याएवढाच. बाईंनी तो भाजी घेऊन परत येताना पाहिला. रंग जरा भडक आले होते. पोरगी होती त्याहून गोरी दिसत होती.

पुढे वळणावर एक आई लहान मुलीचा हात धरून उभी होती, इकडेतिकडे पाहत.

"अहो ताई, इथे तो गाण्याचा क्लास कुठे आहे? ती मुलगी नाही का, मोठ्या गायकांकडे गेली, ती शिकली तो?"

बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सरळ जा. दुकानं संपली की डावीकडे. खाली बूट मिळतात, वर क्लास."

"चांगलं शिकवतात ना?"

"श्वास चांगला शिकवतात," बाई म्हणाल्या. मग मुलीकडे पाहून विचारलं, "गातेस?"

मुलगी आईच्या मागे लपली.

"घरी दिवसभर चालू असतं," आई म्हणाली. "बाहेर आलं की मुकी."

"गाईल. पाण्याची बाटली बरोबर असू द्या, तिथे लवकर कुणी विचारत नाही."

त्या दोघी निघाल्या. बाई तिथेच उभ्या राहिल्या, कारण पुढे दोन गल्ल्या एकसारख्या फुटतात आणि नवीन माणूस हमखास चुकतो. गल्ल्यांपाशी पोहोचल्यावर आई थांबली, गोंधळली आणि तिने मागे वळून पाहिलं.

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि लांबूनच हात उंच करून दाखवला. डावीकडे. डावीकडे.