बुरुलची न संपणारी चादर

मी एक चादर बोलतेय. लोकरीची, क्रोशाच्या सुईनं विणलेली, रंगीबेरंगी चौकोनांची. बर्फाळ डोंगरांतल्या आत-बाशीच्या खोऱ्यात माइरामच्या घरी, बुटक्या पेटीवर रचलेल्या गाद्या-रजयांच्या थप्पीत, अगदी खाली माझी जागा आहे. पाहुण्यांची नजर हटकून माझ्यावर जाते. "केवढी मोठी हो ही! कुठल्या पलंगासाठी केली?" असं विचारतात.

कुठल्याच पलंगासाठी नाही. मला एका तान्ह्या बाळासाठी विणलं. माझ्या एका कोपऱ्यात ते मावलं असतं. तरी मी एवढी का वाढले ते सांगायचं, तर बुरुलची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना माझा जीव आजही कासावीस होतो.

माइरामची पहिली दोन बाळं एकामागून एक गेली होती. एक रांगायला लागल्यावर गेलं, दुसरं पाळण्यात घालायच्या आधीच. तिसऱ्या खेपेला तिची सासू, कानिशा आपा, म्हणाली की आता मृत्यूलाच फसवायचं. आमच्याकडे ते असं करतात. बाळ जन्मलं की खिडकीतून बाहेर द्यायचं आणि एखाद्या लेकुरवाळीला विकून टाकायचं. मग ते त्या घरचं उरत नाही, त्याला शोधत आलेला मृत्यू हात हलवत परत जातो. आई त्याला पाजायला जाते, पण दुसऱ्याच्या मुलाची दाई म्हणून. विकत घेणारी बाई, जिथे मुलं जगली आहेत अशा घरांतून उरलंसुरलं मागून आणते आणि बाळासाठी पांघरूण करते. ते पुरं झालं की त्यात गुंडाळून बाळ परत द्यायचं. फक्त आईच्या घरचा एक धागाही त्यात जाता कामा नये. त्या धाग्यावरून मृत्यूला माग लागतो म्हणतात.

पलीकडच्या गावातली एक लेकुरवाळी बाई ठरलीही होती. पण बाळाला घाई झाली, बर्फानं रस्ता बंद केला, आणि कानिशा आपानं खिडकी उघडली तेव्हा समोर दिसली ती फक्त शेजारची बुरुल. बुरुल विधवा होती. तिला मूलबाळ नव्हतं. अंगणात उभी राहून ती चाळणी झटकत होती.

"अगं ए बुरुल! धाव! नातू झालाय, घे विकत!"

"मी? आपा, माझ्या घरात पाळणा कधी हललेला नाही. मला कशाला?"

"ते मला का माहीत नाही? पण या बर्फात दुसरं कोण दिसतंय तुला? वाद घालू नकोस. हातात आहे ते टाक आणि घे."

बुरुलनं चाळणी दिली आणि बाळ घेतलं. त्याचं नाव ठेवलं सातिबाल्दी, म्हणजे विकत घेतलेला.

रिकाम्या कुशीच्या बाईकडे बाळ द्यायचं, तेही काही दिवसांनी काढून घेण्यासाठी, ही चूक होती. घाईत ती कुणाच्या ध्यानात आली नाही. आली असती तरी त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता.

बाकीच्या बायकांनी कापडाचे तुकडे जोडून पांघरूण केलं असतं. बुरुल पूर्वी शहरातल्या विणकामाच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना बंद पडला, पण हाताची सवय कुठे जाते? ती घरोघर जाऊन उरलेली लोकर मागू लागली. बायका हसत हसत द्यायच्या. कुणी टोपीतून उरलेली केशरी दिली, कुणी बाहीचा हिरवा तुकडा दिला. कुणी गुलाबी गुंडा दिला आणि वर बजावलं, "माझ्या चार पोरांची नाकं पुसलीत हिनं. नीट धुऊन घे."

अशी मी जन्मले. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे झुबके, चार कोपरे, की झाला एक चौकोन. प्रत्येक चौकोन निराळ्या रंगांचा, आणि सगळ्यांना जोडायला काळ्या मेंढीची काळी लोकर. बुरुल खिडकीपाशी बसायची, बाळ तिच्या मांडीवर, आणि मी बाळाच्या पायांवर. मी जशी वाढायचे तशी त्याला झाकायचे. त्याच्या टाचा माझ्या भोकांत अडकायच्या आणि बुरुल त्या एकेक करून सोडवायची. तिला तेव्हा कुणी पाहिलं असतं, तर ही बाई कधी रडली असेल यावर विश्वास बसला नसता.

माइराम पाजायला यायची. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'एजे' म्हणून रीतीप्रमाणे दारातून विचारायची, "एजे, तुमचं बाळ भुकेलं असेल. पाजू का?"

"ये बाई, पाज. कुरूप आहे माझं पोर, पण भूक मोठी आहे त्याला."

दोघी हसायच्या. दृष्ट लागू नये म्हणून बाळाला कुरूप म्हणायचं असतं. सुरुवातीला ते नाटकच होतं.

मग एका दुपारी माझा शेवटचा चौकोन जोडला गेला. मी पुरी झाले. बुरुलनं सुई खाली ठेवली, कात्री घेतली, आणि बाळानं नेमकं तेव्हा तिचं बोट धरलं. कात्री तशीच राहिली. ती मला म्हणाली, नव्हे, स्वतःलाच म्हणाली, "कडेनं एक फेरी घालते. मजबुती येईल."

एक फेरी झाली. मग दुसरी. तुम्हाला ठाऊक असेल, कडेची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लांब असते आणि जास्त लोकर खाते. बुरुलला तर ते चांगलंच ठाऊक होतं. मी पुरी होईपर्यंत बाळ तिचं होतं, म्हणून ती मला पुरी होऊ देत नव्हती. आणि मला काय हवं होतं? मलाही पुरं व्हायचं नव्हतं. जिच्या हातातून आपण आलो, तिचा हात आपल्यापायी रिकामा व्हावा असं कुणाला वाटेल?

एक दिवस माइराम दारात आली आणि बुरुल जागेवरून उठली नाही.

"माझं बाळ आत्ताच झोपलंय. नंतर ये."

"एजे, दूध दाटलंय माझं. दुखतंय."

"म्हटलं ना, नंतर ये."

माइराम उभी राहिली. तिच्या झग्यावर पुढे दोन ओले डाग पडले होते. तिला काही बोलता येईना, कारण जे बोलायचं होतं ते बोलायला मनाई होती. 'माझं' हा शब्द तिच्या तोंडून निघाला असता तर सगळंच फुकट गेलं असतं. ती परत गेली, आणि बुरुल बाळाला छातीशी घट्ट धरून बसून राहिली. मला तिची भीती वाटली त्या दिवशी. तिच्यासाठीही वाटली.

दुसऱ्या दिवशी कानिशा आपा तरातरा आली. तिनं मला हिसकावून जमिनीवर पसरलं आणि मापायला हात लांब केले. एका वावेत मी मावले नाही, दोनांतही नाही.

"हे पांघरूण आहे की तंबू? पोराच्या लग्नाच्या वऱ्हाडाला झोपवणारेस का यात?"

"थोडंच राहिलंय, आपा. कड नीट व्हायचीय."

"कड! मी काय विणलेलं कधी पाहिलं नाही? किती लोकर उरलीय ते दाखव."

बुरुलनं टोपली पुढे केली. तळाशी एक छोटासा गुंडा होता. आपा जरा निवळली. "एवढी संपेपर्यंत. मग बास," म्हणाली आणि निघून गेली.

तो गुंडा संपला. पण बुरुलनं स्वतःच्या अंगातला लाल स्वेटर काढून उसवायला घेतला.

मग मोजे गेले. मग नवऱ्याचा मफलर, जो ती उशाशी घेऊन झोपायची. त्या हिवाळ्यात वीज धड नव्हती, कोळसा नव्हता, चुलीला शेणी होत्या त्याही बेतानं. बुरुल पातळ झग्यावर बसून विणायची. बोटं निळी पडायची, ती फुंकर घालायची आणि पुन्हा सुई चालवायची. तिची सगळी ऊब माझ्यात येत होती आणि मी ती बाळाला देत होते. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, थांब, मरशील अशानं. पण चादरीला तोंड नसतं.

माइरामनं हे पाहिलं. माझ्या कडेला आलेला लाल रंग तिनं ओळखला, बुरुलच्या उघड्या पायांकडे पाहिलं, आणि बाळाला पाजता पाजता तिला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिनं झग्याआडून करड्या लोकरीचा मोठा गुंडा काढला.

"एजे, अंगातलं उसवू नका. हा घ्या. मला... मला घाई नाही. खरं सांगू, मला भीतीच वाटते. तुमच्याकडे ते जगतंय. माझ्याकडे आलं आणि..."

 आपल्या घरची लोकर चालत नाही, हे त्या भरात तिला आठवलं नाही. बुरुलला आठवलं. तिनं गुंड्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "ठेव तिथं."

तिनं त्या करड्या लोकरीची एक पूर्ण फेरी घातली. त्या लोकरीला माइरामच्या चुलीच्या धुराचा वास होता. माझ्या कडेला कुणी परकं येऊन बसल्यासारखं मला झालं.

फेरी संपली आणि बाळ खोकू लागलं. सकाळपर्यंत अंग तव्यासारखं तापलं. त्याचा त्या लोकरीशी काही संबंध होता का, ते मला सांगता येणार नाही. मी लोकर आहे, वैद्य नाही. पण बुरुलच्या तोंडचं पाणी पळालं. "मी वाट दाखवली," ती म्हणत होती. "मीच मृत्यूला वाट दाखवली." ती करडी फेरी तिनं उसवली. किती जोरात ओढत होती! टाके सुटायचे, अडकायचे, ती दातांनी गाठी सोडवायची. शेवटचा करडा तंतू तिनं चुलीत टाकला. मग काळ्या लोकरीनं गाठ मारली, टोक आत दडवलं, आणि कात्रीनं धागा कापला.

मी पुरी झाले. बाळ घामानं भिजलं, ताप उतरला. पण बुरुल आता थांबायला तयार नव्हती. त्याच दुपारी तिनं निरोप धाडला आणि बाळाला माझ्यात गुंडाळलं. माझा बाकीचा पसारा तिच्या हातांवरून खाली लोंबत होता. ती माइरामच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली.

खिडकीत कानिशा आपा होती, हातात तीच चाळणी घेऊन. मागे माइराम. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या होत्या. आता घेणारीनं मोठ्यानं म्हणायचं असतं की हे पोर घ्या, मला नको. सगळ्यांना ऐकू जायला हवं. नाहीतर मूल परत येत नाही.

"घ्या तुमचं हे वाकड्या तोंडाचं कार्टं," बुरुल म्हणाली. "मला..."

पुढचा शब्द येईना.  आपानं खिडकीतून वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"बोल पोरी. त्याच्या जिवासाठी बोल."

"मला नको," बुरुल ओरडली. "नको मला! घेऊन जा!"

माइरामनं बाळ घेतलं. मी मात्र अडकले, कारण बुरुलची मूठ माझ्या कडेवरून सुटत नव्हती. त्या ओढाताणीत माझा एक टाका ताणला गेला. तो अजून सैल आहे.

पोर जगलं. वाढलं, दांडगं झालं, मॉस्कोला कामाला गेलं. सुट्टीत आलं की बुरुलला चिडवतं, "काय बुरुल आपा, एका चाळणीत मिळालो तुला, स्वस्तात गेलो की!" बुरुल हसते. ती फेऱ्यांवर फेऱ्या का घालत होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. कानिशा आपा वारली. माइराम जाणते, पण बोलत नाही.

बुरुल आता फार म्हातारी झाली आहे. तिचं घर गार असतं. मागच्या हिवाळ्यात माइरामनं मला थप्पीतून ओढून काढलं, घडी हातावर घेतली आणि दारापर्यंत गेली. मला वाटलं, निघाले मी! पण उंबऱ्यात ती थांबली. पोर परदेशात, त्याची राखण करणारं पांघरूण घराबाहेर कसं द्यायचं? काही झालं तर? तिनं मला परत ठेवलं आणि बाजारातली नवी रजई बुरुलला नेऊन दिली. मी तिला दोष देत नाही. दोन बाळं पुरलेल्या आईला कोण दोष देईल?

आता बुरुल दुपारची इथे येते. बसते ती नेमकी थप्पीला टेकून. तिची पाठ माझ्यावर असते. हाडं लागतात तिची. थोड्या वेळानं तिचा थरकाप कमी होतो, आणि तिचा हात मागे येऊन माझी कड चाचपत राहतो.

चहा ओतते ती सातिबाल्दीची बायको, अइदाय. रशियात वाढलेली गोड पोर आहे. म्हातारीवर तिचा फार जीव. पण तिला एक गोष्ट कुणी शिकवलेली नाही. आमच्याकडे वाटीत चहा थोडाच ओततात, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा आणि बसून राहावं. वाटी काठोकाठ भरली, की त्याचा अर्थ, आता उठा. अइदाय प्रेमानं वाटी तुडुंब भरते. बुरुल त्या भरल्या वाटीकडे बघते, दोन घोटांत चहा संपवते, "येते गं," म्हणते आणि भिंतीला धरून उठते. माइराम त्या वेळी नेमकी गोठ्यात असते.

माझं ऐकणारे तुम्ही कुणी असाल, तर त्या पोरीला एवढं सांगा. मला बोलता येत नाही, आणि बुरुल स्वतःहून कधी मागणार नाही. सांगा, अइदाय, तुझ्या पाया पडते, वाटी भरू नकोस. अर्धीसुद्धा नको. घोटभरच ओत.