कौसाबाईचं तोंड

हेंद्रेपाड्यात कौसाबाईच्या तोंडाला सगळे वचकून असत. बदलापूरच्या बाजारात मापात मारणारा वाणी असो की बांधावरून गुरं घालणारा शेजारी, कौसाबाईनं तोंडाचा पट्टा सोडला की समोरचा मान खाली घालून वाटेला लागायचा. नवरा गेला तेव्हा मुलगा नाथा कडेवर होता. चुलतदिरानं जमीन गिळायचा घाट घातला, तर या बाईनं भर पंचात उभं राहून त्याची अशी काढली, की पुन्हा त्यानं त्या शेताकडे पाहिलं नाही. तिचं तोंडच तिचं हत्यार होतं.

तीच कौसाबाई दोन वर्षांपासून गप्प गप्प राहू लागली होती. बोललीच तर पदराचं टोक ओठांवर धरून बोलायची. लग्नाकार्यात पंगतीला बसायची नाही, "उपास हाय" म्हणायची. दाढेखाली सारखी लवंग धरायची. नाथा अंबरनाथला कारखान्यात कामाला लागला होता. तो बायकोला म्हणायचा, "आये निवली बघ आता. सून आली ना घरात."

आये निवली नव्हती. तिच्या तोंडात काय चाललं होतं ते फक्त तिला ठाऊक होतं.

आधी खालच्या हिरडीवर एक पांढरा डाग आला, चुन्याचं बोट लागावं तसा. दुखत नव्हता, फक्त तिखट झोंबायचं. कौसाबाईनं तो फडक्यानं पुसून पाहिला, नखानं खरवडून पाहिला. जाईना. उष्ण पडलं असेल म्हणून तिनं तुरटीच्या गुळण्या केल्या, बाभळीच्या सालीचा काढा तोंडात धरला. मिशरी मात्र सोडली नाही. सोडणार कशी? सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, बोटानं चुरायची, आणि ओसरीच्या कडेला बसून हिरड्यांना चोळायची. त्याशिवाय डोकं जागेवर येत नसे, पोट साफ होत नसे. दात बळकट राहतात ते मिशरीनंच, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. पाड्यातल्या निम्म्या बायका तिच्याकडूनच चिमूटभर मिशरी मागून नेत. तिच्यासारखी भाजायला कुणाला जमत नसे.

पुढं डागाची कड लाल झाली, मग टणक झाली. त्या जागचे दोन दात हलले आणि भाकरीच्या घासाबरोबर निघून आले, रक्ताचा थेंबसुद्धा न येता. मग मात्र रक्त यायला लागलं, आणि वास. हनुवटीखाली बोरासारखी गाठ हाताला लागली, तेव्हा कौसाबाई एकटीच विहिरीवर होती. कळशी तशीच ठेवून ती बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

तिला राजाबाई आठवली. राजाबाई तिच्या माहेरची. तिचं तोंड असंच सडलं होतं, आणि गाव म्हणायचं, खोटी शपथ खाल्ली तिनं देवळात, देवानं तोंडालाच शिक्षा दिली. शेवटी शेवटी तिला गोठ्यात निजवत. पोरं लांबून दगड मारून पळायची. कौसाबाईनं आयुष्यभर ज्यांना ज्यांना फाडून खाल्लं होतं, ते सगळे आता काय म्हणतील, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं पदर आणखी घट्ट धरला.

मग वालाच्या दिवसांतली ती दुपार आली.

सासू-सुना ओसरीवर बसून वाल सोलत होत्या. विठा नुकतीच जेवून उठली होती. तोंड वाकडं करत ती म्हणाली, "आत्याबाय, कालवण लय तिखट झालं का आज?"

"नाय गो. रोजच्यासारखंच तं होतं."

"मग मलाच झोंबतंय. चार-पाच रोज झाले. खालच्या हिरडीला."

कौसाबाईचा हात शेंगेवरच थांबला. "कुठं? इकडं ये. उजेडाला."

विठानं हसत खालचा ओठ बोटानं खाली ओढला. हिरडीवर, पुढच्या दातांच्या जरा डाव्या बाजूला, चुन्याचं बोट लागावं तसा पांढरा डाग होता. कौसाबाईनं पदराचं टोक ओलं करून तो पुसला. डाग तसाच.

"काय हाय?" विठानं विचारलं.

"काय नाय," कौसाबाई म्हणाली आणि उठून मागच्या परड्यात गेली. विठा या घरात आली तेव्हा तिची दाढ ठणकत होती. पोर रात्रभर कण्हायची. तेव्हा कौसाबाईनंच तिच्या तळहातावर पहिली मिशरी ठेवली होती आणि कशी लावायची ते दाखवलं होतं. विठाला भोवळ आली होती, ती ओकली होती, आणि कौसाबाई पोट धरून हसली होती.

संध्याकाळी नाथा कामावरून आला, तशी ती म्हणाली, "विठाला कॅम्पात दाताच्या डाक्तरकडं ने."

"दात दुखतोय तिचा?"

"दुखत नाय. डाग आलाय."

नाथा हसला. "आये, डागासाठी मी खाडा करू? गूळ लाव, जाईल."

तिला सांगता आलं असतं. पदर बाजूला केला असता तर एका क्षणात सगळं कळलं असतं त्याला. पण तिचा हात वर गेला नाही. ती एवढंच म्हणाली, "मग मीच नेते."

दुसऱ्या दिवशी वालाच्या शेंगांच्या पाट्या डोक्यावर घेऊन दोघी निघाल्या. विठा एरवीही भाजी विकायला कॅम्पात जायची. सासू का बरोबर येतेय, याचं तिला नवल वाटत होतं. अंबरनाथला गाडीतून उतरून त्या पायीच पाच नंबर कॅम्पात पोचल्या. लष्करानं सोडलेल्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी संसार थाटले होते. एका बराकीच्या दारात पापड वाळत होते, दुसऱ्या दारात शिवणयंत्र खडखडत होतं, आणि तिसऱ्या दारावर दातांच्या कवळीचं चित्र रंगवलेली पाटी होती. डॉक्टर वाधुमल मूळचे सक्करचे. त्यांचा तिकडचा दवाखाना तिकडंच राहिला होता. इथं न्हाव्याची जुनी खुर्ची त्यांनी दाराशी उजेडात मांडली होती.

त्यांनी विठाला खुर्चीत बसवलं, छोट्या आरशानं हिरडी पाहिली, कापसानं डाग पुसून पाहिला, बोटानं दाबून पाहिला.

"मिसरी लगाती है?"

"लगाती ना. सगळेच लगाते."

"छोड दे," डॉक्टर म्हणाले. त्यांची हिंदी-मराठीची खिचडी होती. "आजसे बंद. नमक के पानी से गुळणी, रोज दोन बार. दातून नरम घे, हिरडीला घासू नको. महिन्यानं परत दाखव. अभी नरम है. छोडेगी तो जाईल, बहुतेक जाईल."

"आणि नाय सोडली तर?"

"तर सांगता येत नाही. काहींचं काही होत नाही. काहींचं फार वाईट होतं."

विठाला ते पटलं नाही. खुर्चीतून उतरता उतरता ती हसून म्हणाली, "डाक्टर, ह्या आमच्या आत्याबाय. इनकी मिसरी सगळा पाडा लगाता. इनको तो कुछ नहीं हुआ."

डॉक्टरांनी दाराशी उभ्या असलेल्या कौसाबाईकडं पाहिलं. तिचा पदर ओठांवर होता.

कौसाबाईनं शेंगांची पाटी खाली ठेवली. खुर्चीपाशी आली, बसली, आणि पदर सोडला. मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून तिनं तोंड उघडलं.

वास आला तशी विठा एक पाऊल मागं सरली. मग तिनं पाहिलं. हिरडीच्या जागी फुलकोबीसारखं काहीतरी उठलं होतं, मधे खड्डा पडला होता, आणि त्याच्या तळाशी हाड दिसत होतं.

डॉक्टरांनी कौसाबाईच्या जबड्याखाली हलकेच बोटं फिरवली, एका बाजूला आणि मग दुसऱ्या. हात धुतले. मग विचारलं, "माई, कब से?"

"लय दिस झाले." बोलताना तिची जीभ अडखळत होती. विठाचा ओठ बोटानं खाली ओढून ती म्हणाली, "पैल्यांदा असंच होतं. हिच्यासारखंच. याच जागी. नीट बघ, डाक्तर. हिचं नीट बघ."

विठा तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

घरी आल्यावर नाथाला सगळं कळलं. तो आधी चिडला, मग आईच्या पायाशी बसून राहिला. "आये, एवढं लपवलंस? कुणापासून?"

"लोकापासून," ती म्हणाली. "कौसाचं तोंड सडलं म्हणून हसले असते."

नाथानं तिला मुंबईला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोग गळ्याच्या गाठींत उतरला आहे, कापून उपयोग नाही. विजेचा शेक देऊ, त्यानं दुखणं जरा कमी होईल. शेकानं तिच्या गालाची कातडी काळी पडली, चव गेली, थुंकी आटली. दुखणं काही दिवस कमी झालं आणि मग दुपटीनं आलं. ती घरी परतली तेव्हा फक्त तांदळाची पेज गिळू शकत होती, तीही विठानं मान धरून वाटीनं ओतली तर.

आणि विठाला मिशरीची तलफ सोडत नव्हती. सकाळ झाली की तिचं डोकं ठणकायचं, नाथावर, भांड्यांवर ती खेकसायची. कौसाबाई ओसरीवरच्या खाटेवरून सगळं बघत असायची. आपण चार दिवससुद्धा सोडू शकलो नव्हतो, हे तिला आठवत होतं. म्हणून ती विठाला बोलत नव्हती.

एकदा मात्र विठा शेजारच्या रखमाबाईकडून चिमूट घेऊन आली आणि परड्यात पाठमोरी बसून बोट हिरडीला लावत होती. कौसाबाईला उठवत नव्हतं. तरी ती खाटेवरून उतरली, भिंत धरत धरत परड्यात आली, आणि विठाच्या समोर मातीत बसली. तिनं तोंडावरचं फडकं काढलं. बोलणं तर आता जमतच नव्हतं. ती फक्त तशीच बसून राहिली, माश्या येत होत्या तरी.

विठानं तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं. मग सासूला उचलून आत नेलं आणि तिच्याजवळ पडून राहिली.

रखमाबाई दुसऱ्या दिवशी बघायला आली. "काय गो कौसे, कुणाची नजर लागली तुला?" असं विचारत ती खाटेशी टेकली. कौसाबाईनं तिच्यापुढंही फडकं काढलं. रखमाबाईनं तोंडाला पदर लावला, पेजेचा घोट घेतला का असं कसंबसं विचारलं, आणि गेली. पाड्यात ती म्हणाली, मागचं पाप भोगतेय. तिनं मिशरी सोडली नाही. पण तशीच बघून गेलेल्या बनूबाईनं सोडली, आणि बनूबाईच्या दोन्ही सुनांनी. एवढंच झालं.

महिना उलटल्यावर विठा कॅम्पात जाऊन आली, मग पुन्हा एकदा. आल्याबरोबर ती खाटेशी बसली आणि म्हणाली, "आत्याबाय, डाक्तर म्हणतो, लहान झालाय. गेला नाय अजून. जलमभर बघत राहायला पायजे म्हणतो."

कौसाबाईनं हात हलवून तिला उजेडाकडं वळवलं. विठानं ओठ खाली ओढला. म्हातारीची नजर आता पुसट झाली होती. तिनं बोट पुढं केलं आणि हिरडीवरून फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कड टणक नव्हती. मधे थोडं खरखरीत लागत होतं. तेवढी जागा तिनं पुन्हा चाचपली.

ते जाईल की राहील, हे तिला कळणार नव्हतं. डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. तिनं बोट काढून घेतलं आणि विठाच्या गालावर हात ठेवला. विठा वाटीतली पेज ढवळायला लागली, पण कौसाबाईनं मान वळवली. त्या दिवशी तिला ती नको होती. त्यानंतरही तिनं ती घेतली नाही.