तळ्यातले नाना

मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा, एवढ्यासाठी माणसं जळगावहून डिझेल जाळत येतात आणि वर पैसेही भरतात, हे तोतारामआबांना पटवण्यात त्यांच्या पोराचा, चंदनचा, अख्खा उन्हाळा गेला. केळीला पाणी देताना, बैलांना पेंड घालताना, जेवताना आबा तेच विचारायचे.

"मासा धराना आनि परत सोडी देवाना? मंग धरतस कसाले?"

"हौस ऱ्हास त्यासनी, आबा."

"अशी हौस मना बैलले बी नही."

माझ्या आणि आबांच्या शेताच्या मध्ये एकच बांध, त्यामुळे ही करमणूक मला घरबसल्या मिळायची. आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबांच्या वडिलांनी नाल्याला बांध घालून शेतात तळं केलं आणि त्याच्या काठाने साग लावला. म्हातारा गेला, साग वाढला, तळं कधी आटलं नाही. चंदन पुण्याला कुठलासा पर्यटनाचा कोर्स करून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आबा, आपल्याकडे प्रायव्हेट जंगल आहे." आम्ही सगळे त्या जंगलात लहानपणापासून परसाकडला जात होतो, आम्हाला कधी कळलं नव्हतं.

जळगावच्या एका क्लबाने तळं आणि साग वर्षाच्या करारावर घेतला. नाव 'सातपुडा आउटडोअर अँड अँगलिंग क्लब'. त्याचे अध्यक्ष बऱ्हाटेसाहेब, फरशांच्या शोरूमचे मालक. पहिल्या भेटीला आले तेव्हा अंगात एवढ्या खिशांचं जाकीट होतं की किल्ली शोधायला त्यांना ड्रायव्हरची मदत लागली. त्यांना खरं तर शिकारीसाठी जमीन हवी होती. रानडुकरं येतात का, असं त्यांनी फार आशेने विचारलं. "येतस ना, रोज येतस, केळी खातस," आबा म्हणाले. साहेबांचे डोळे लकाकले. मग चंदनने त्यांना वनखातं आणि कायदा समजावला. शिकारीवरून ते निशाणेबाजीवर उतरले. चोपड्याच्या सत्तारचाचांनी, आमच्या भागातल्या जुन्या सुताराने, लाकडाचं डुक्कर करून दिलं. साहेबांनी त्यावर रबरी गोळ्या झाडल्या. आठवडाभरात खऱ्या डुकरांनी ते लाकडी डुक्कर पाडलं, त्यावर अंग घासलं आणि शेजारची केळी खाऊन गेली. क्लबाच्या नियमात जंगलात शांतता पाळायची होती, त्यामुळे त्यांना हाकलायलाही कोणी ओरडू शकत नव्हतं. नुकसान माझ्या बागेचंही झालं, म्हणून हे मी जरा तोंड वाकडं करून सांगतोय.

साग तर त्यांनी दत्तकच घेतला. प्रत्येक झाडाला सभासदाच्या नावाची पाटी ठोकली. ज्या सागाच्या सालीला आबांनी कधी साधं नख लावलं नव्हतं, त्याला खिळे मारून ही मंडळी निसर्गावर प्रेम करू लागली. सत्तारचाचा एकदा ते बघून गेले. "आबा, ह्या झाडाचा दरवाजा केला असता तं घरात तरी राहिला असता," एवढंच बोलले आणि चहा न घेता सायकलवर बसले.

पण आबांनी हे सगळं चालवून घेतलं. अट एकच घातली होती.

"नानाले कोनी हात लावाना नही."

नाना म्हणजे तळ्यातला कटला मासा. हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर शहरातले लोक आम्हाला खुळ्यात काढतात. आबांच्या वडिलांना अख्खं गाव नाना म्हणायचं. ते गेल्यानंतरच्या श्रावणात घरी कानबाई देवी बसली, तिच्या नैवेद्याचे रोट झाले. आमच्याकडे कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, आणि उरला तर बाहेरच्याला द्यायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही, पाण्यात सोडायचा. आबांची बायको शेवंताबाई उरलेला रोट घेऊन तळ्यावर गेल्या, पितळी तांब्या पायरीवर आपटून त्यातला चुरा काढू लागल्या, आणि त्या आवाजाला एक मासा थेट पायरीशी आला. चुरा बाजूला सारून त्याने आधी गुळाचा खडा उचलला. नाना तसेच करायचे, जेवणात आधी गूळ.

शेवंताबाईंनी तिथल्या तिथे डोक्यावर पदर घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी पायरीवर तांब्या वाजायचा आणि नाना वर यायचे. शेवंताबाई पदर सावरून भाकरी कुस्करायच्या, घरची खबरबात सांगायच्या, पण सून सासऱ्याशी बोलते तसं, जरा आडून. आबा वडिलांदेखत तंबाखू खात नसत. तळ्याजवळ आले की अजूनही चुन्याची डबी बंडीच्या खिशात सरकवायचे. गावातल्या भिकुबाईने तर नातीचं लग्न ठरवताना स्थळ नानांपुढे बोलून पाहिलं होतं. मासा बुडाला, तिने स्थळ मोडलं. पुढे तो मुलगा तीन बायकांचा नवरा निघाला म्हणतात. मी हसायचो, पण तळ्याकाठी कधी हसलो नाही.

चंदनला मात्र लाज वाटायची. बऱ्हाटेसाहेबांना काय सांगणार, आमचा आजा मासा झालाय? लहानपणी हाच पोरगा शाळेतून आला की दप्तर फेकून आधी तांब्या उचलायचा. आता त्याने क्लबाला अट सांगितलीच नाही, आणि घरी सगळ्यांना सांगितल्याची थाप मारली, "सांगी दिधं, आबा. बठ्ठासले सांगी दिधं."

हिवाळ्यात क्लबाने 'अँगलिंग फेस्टिवल' ठेवला. गळ टाकायची स्पर्धा, आणि भरीत पार्टी. चंदन आदल्या दिवशी मला म्हणाला की बऱ्हाटेसाहेब मोठा करार करायला तयार आहेत, पक्क्या खोल्या बांधणार आहेत, फक्त फेस्टिवल गाजला पाहिजे आणि पेपरात एक जोरदार फोटो आला पाहिजे. त्याचा सगळा जीव त्या फोटोत होता.

आणि शेवंताबाईंचा सगळा जीव तळ्यात. गाड्या यायच्या आधीच, उजाडता उजाडता, त्या टोपलंभर भाकरी घेऊन पायरीवर गेल्या. मी बांधावरून ऐकलं.

"आज बठ्ठा लोके गळ लई येतीन. आते पोट भरी खाई ल्या, नाना. मंग कोना हातनं काही खावानं नही. खाल जाईसन बसा."

तळ्यातला एकूण एक मासा त्या दिवशी ढेकर देत होता.

मंडळी आली. काय ती आयुधं! गळाची काठी दुमडणारी, टोपीला पंखा, पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, बसायच्या खुर्चीला काठी रोवायला वेगळं भोक. रबरी किडे तर असे रंगीत की आमच्या कोंबड्यांनीही त्यांना चोच लावली नाही. सकाळभर सगळे गळ टाकून बसले. पाणी हललं नाही. साहेबांच्या यंत्रात खाली मासे दिसत होते, गळ दिसत होता, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

उन्हं वर आली तसा एकेक जण काठी टाकून सागाखाली सरकला. तिथे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला लागली होती. कळण्याच्या भाकऱ्यांचं पीठ मळून तयार होतं, कांद्याची पात चिरलेली, ठेच्याचा खाट नाकात चढलेला. अर्ध्या क्लबाला तर ठसका लागताच आजोळ आठवलं. शेवटी जळगावचेच ते. खिशांची जाकिटं काढून, मांडी घालून बसले तेव्हा आमच्यातलेच दिसायला लागले. मला वाटलं, सुटलो, आता खातील, पेंगतील आणि जातील.

पण बऱ्हाटेसाहेब पायरीवरून हलेनात. फोटोसाठी आलेला पेपरवाला घड्याळ बघत होता. साहेबांनी चंदनला जवळ बोलावलं. आवाज गोड ठेवून म्हणाले, "चंदनराव, गळाला मासाच लागणार नसेल तर मी सभासदांना काय सांगू? पुढच्या कराराचं मग अवघड आहे."

चंदनने एकदा घराकडे पाहिलं. आबा भरिताला तेल आणायला घरात गेले होते. शेवंताबाई भाकऱ्या थापायला बसल्या होत्या, तळ्याकडे पाठ करून.

त्याने पायरीच्या कोनाड्यातला तांब्या आणि गुळाचा खडा उचलला आणि तांब्या दगडावर वाजवला.

मी ओरडायला हवं होतं. पण मला वाटलं, नाना काही येत नाहीत आता, पोट भरलंय, सुनेने बजावलंय. आणि नाना आले. सावकाश, थेट पायरीशी, तोंड वर करून. चंदनने हातातला गुळाचा खडा पुढे केला, साहेबांनी बाजूने गळ अडकवला. झटापट अशी झालीच नाही. धरून नेताना घरचं माणूस जेवढं अवघडतं, तेवढेच ते अवघडले.

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या. एक फोटो साहेबांचा. ऊन तोंडावर नव्हतं, म्हणून दुसरा. टोपी राहिली, तिसरा. मग खजिनदारासोबत. मग सौ. बऱ्हाटेंसोबत, त्यांनी माशाला हात न लावता लावल्यासारखा केला. मग सगळ्यांचा एकत्र, आणि त्यात मागचे दिसेनात म्हणून परत. नानांचा कल्ला उघडत होता, मिटत होता, आणि पेपरवाला म्हणत होता, "साहेब, जरा हसा."

"आता सोडूया!" साहेब म्हणाले. "पकडा आणि सोडा, हेच आपलं तत्त्व." मासा दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. पुन्हा टाळ्या झाल्या.

नाना आडवे झाले आणि पोट वर करून तरंगू लागले.

"शॉकमध्ये आहे, थोडा वेळ द्या," साहेब म्हणाले. सगळ्यांनी थोडा वेळ दिला. खजिनदाराने काठीने हळूच ढोसून पाहिलं.

टाळ्या एकदम थांबल्या म्हणून शेवंताबाईंनी मागे वळून पाहिलं. पिठाच्या हातांनी त्या पायरीपर्यंत आल्या, आधी डोक्यावर पदर घेतला, आणि मग त्यांनी जो टाहो फोडला तो गावाच्या पलीकडच्या वस्तीत ऐकू गेला. सासरा गेल्यावर सून जशी रडते तशाच त्या रडत होत्या, त्याच शब्दांत. आमच्या गावात तो सूर ऐकला की कोणी कारण विचारत बसत नाही. हातातलं टाकून माणसं निघाली. भिकुबाई धापा टाकत आली, "कोन गयं व माय?" आणि तळ्याकडे बघून तिथेच बसली.

तोतारामआबा तेलाची बुधली घेऊन आले. त्यांनी बुधली खाली ठेवली, टोपी काढली. मग जाळाजवळ गेले आणि वांग्यांवर बादलीभर पाणी ओतलं.

"अहो आबा, हे काय!" साहेब कळवळले.

"घरमा मयत पडेल शे, साहेब. आमना कडे चूल पेटत नही."

मी वाट बघत होतो की क्लब हसेल. कोणी हसलं नाही. एका बाईने ओढणी डोक्यावर घेतली. खजिनदाराने टोपी काढली, पंख्यासकट. सगळे गुमान ओळीने जमिनीवर बसले, जसे त्यांचे बाप बसत असतील. मागून कोणी तरी हळूच शेजाऱ्याला विचारलं, "घरी गेल्यावर आंघोळ करावी लागेल ना?" आणि शेजारी म्हणाला, "करावीच लागेल." खांदा द्यायला बऱ्हाटेसाहेबांनाच पुढे केलं. एवढ्या खिशांच्या जाकिटाला माशाचे खवले चिकटले, पण साहेबांनी ते झटकले नाहीत. त्यांच्याच नावाच्या पाटीच्या सागाखाली आबांनी खड्डा खणला. माती लोटली तेव्हा सगळ्यांनी मूठ मूठ टाकली आणि मंडळी मागे न बघता, उपाशी, जळगावला निघून गेली.

चंदन कोपऱ्यात उभा होता. बाप शिव्या घालेल, मारेल, याची तो वाट बघत होता. मलाही तेच वाटलं होतं, आणि खरं सांगतो, माझी इच्छाही होती. आबा त्याच्याजवळ आले. आवाज चढलेला नव्हता.

"तुना आजा गळले नही उनात, बेटा. तू हाक मारी, म्हनीसन उनात."

गळाला नाही, नातवाच्या हाकेला आले, एवढं सांगून ते बैल सोडायला गेले.

फोटो पेपरात आला, चांगला मोठा. साहेब हसताहेत, टोपी आहे, ऊन तोंडावर आहे. क्लबाला त्यावर नवे सभासद मिळाले म्हणतात, आणि साहेबांनी मोठ्या करारासाठी फोनही केला. चंदनने तो उचलला नाही. त्याचं डोकं तेव्हा न्हाव्यापुढे होतं. सुतक पाळायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सागाच्या पाट्या त्यानेच एकेक करून काढल्या. खिळ्यांची भोकं राहिली आहेत. शेवंताबाई सकाळी तळ्यावर येत नाहीत. चंदन येतो. पायरीवर बसतो, तांब्या मांडीवर घेतो, गुळाचा खडा पाण्यात टाकतो. तांब्या मात्र वाजवत नाही.