निकानोरची रिकामी चौकट

माझा नवरा लेओ सत्तरी ओलांडून बसलाय, पण जीव अजून एका अल्बममध्ये अडकलेला. त्याच्या लहानपणी गोळ्यांच्या पुडीत बेसबॉलच्या खेळाडूंची टीचभर कार्डं निघायची. ती अल्बममध्ये खळीनं चिकटवायची. अल्बम भरला की कारखाना सायकल द्यायचा. आता सायकली फार वाटायला लागू नयेत म्हणून ते लबाड एका खेळाडूची कार्डं मुद्दाम मूठभरच छापायचे. त्या वर्षी तो खेळाडू होता निकानोर बाकायाओ. आमच्या रेग्ला गावातल्या पोरांनी त्याच्यापायी गोळ्या खाऊन खाऊन दात किडवले, पण निकानोर काही निघाला नाही.

हा निकानोर आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. एकच हिवाळा संघात होता, तोही बहुतेक बाकावर बसून. आता नव्वदीला टेकलाय. लेओ रोज संध्याकाळी त्याच्याशी डोमिनो खेळतो आणि घरी येऊन अल्बममधल्या त्या एका रिकाम्या चौकटीकडे बघत बसतो.

"विचार ना त्याला, असेल त्याच्याकडे एखादं," मी किती वेळा म्हटलं.

"नको. कार्डासाठीच इतकी वर्षं दोस्ती केली असं वाटेल त्याला."

असला हा माणूस. ह्याच्याशी संसार केला मी.

मग एका सकाळी खाडीपलीकडच्या हवानाहून लाँचनं यास्नियेल आला. जुनी कार्डं विकत घेऊन मायामीला विकणारा पोरगा. त्यानं भिंग लावून अल्बमची पानं बघितली आणि सुस्कारा टाकला.

"मावशी, सोनं आहे हो हे! पण एक दात पडलाय. पूर्ण असता तर आजच दुप्पट. दहा वर्षांनी तर विचारूच नका. आणि तो बाकायाओ सुटा मिळाला ना, कधीच न चिकटवलेला, पाठ कोरी असलेला, तर तो एकटा बाकी सगळ्यांना भारी पडेल."

"तो? अरे, त्याच्या हातात चेंडू टिकत नव्हता!"

"चेंडू कोण बघतंय? जगात किती शिल्लक आहेत, ते बघतात."

माझ्या डोळ्यांपुढे नवा फ्रीज उभा राहिला, खोटं कशाला बोलू? पण निकानोरला फसवायचं नव्हतं. त्याच दुपारी मी त्याच्याकडे गेले आणि किमतीसकट सगळं सांगून टाकलं. तो खोकला येईपर्यंत हसला.

"मी? सगळ्यांत महाग? आमच्या कप्तानाला कळलं असतं तर बेशुद्ध पडला असता!"

रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभा. सिगरेटच्या चांदीत गुंडाळलेलं स्वतःचं कार्ड खिशात. यास्नियेल आधीच येऊन बसला होता. त्यानं कार्ड उलटून बघितलं.

"पाठ कोरी! आजोबा, काय घ्याल बोला."

"माझं नंतर बघू. आधी माझा संघ दाखवा."

लेओनं पान उघडलं. निकानोर एकेकावर बोट ठेवत गेला. "हा माझ्या लग्नात नाचला होता. ह्यानं माझे बूट नेले, परत केलेच नाहीत, चोर मेला. हा कॅराकसला वारला." सगळेच गेलेले. बोट रिकाम्या चौकटीशी येऊन थांबलं.

"आणि मी अजून बाकावरच," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "झोराइदा, खळ कर."

"नको!" यास्नियेल उडालाच. "चिकटवलंत की निम्मी किंमत गेली, आजोबा!"

 लेओनं जन्मभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि हा शहाणा काय म्हणाला असेल? "खरं बोलतोय पोरगा. विक ते, निकानोर. टाम्पाला लेकीकडे जाऊन येशील."

मला त्या क्षणी तो इतका आवडला की त्याच्या टकलावर एक चापट मारावीशी वाटली.

"लेक रोज फोनवर भेटते रे," निकानोर म्हणाला. "ही मंडळी मला दुसरीकडे कुठे भेटणार?"

मी चुलीशी गेले. पीठ थोडंच होतं, ते सगळं घातलं, एकही गुठळी राहू दिली नाही. खळ निवली तशी लेओनं बोटानं कार्डाच्या पाठीला लावली, कार्ड चौकटीत ठेवलं आणि अंगठा दाबून धरला. यास्नियेलनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "मग अख्खा अल्बमच द्या, मावशी. अजूनही बरा भाव येईल."

"आणि तू पानं फाडून एकेकाला वेगळं विकणार?"

"सगळे तसंच विकतात."

"दहा वर्षांनी भाव वाढणार म्हणालास ना? मग तेव्हा ये. आता कॉफी पी आणि लाँच पकड."

तिकडे त्या दोघांना आमचं काही ऐकूच येत नव्हतं. निकानोर पानावर वाकला होता.

"सरळ तरी लावायचंस की रे! सगळ्या संघात मीच तेवढा वाकडा."

"हलू नकोस," लेओ म्हणाला. त्याचा अंगठा अजून तिथंच होता. "ओला आहेस अजून."